वरचा ओठ सगळ्यात शेवटी

सांगलीला, गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत,
पहाटे साडेपाचला माझ्या मोरीत
तांब्यातलं पाणी वाफ सोडतं.
आरसा पुसायचा. धुरकटला की पुन्हा पुसायचा.

ब्रश तीन.
एक डुकराच्या केसांचा, राठ,
दहा मिनिटं भिजवल्याशिवाय ऐकत नाही.
दुसरा बिज्जूच्या केसांचा, जावयानं आणलेला,
इतका मऊ, की गालाला वाटतं
आपलं काहीतरी बिनसलंय आणि कुणी समजूत घालतंय.
तिसरा नायलॉनचा. प्रवासाला.
त्याच्याबद्दल मी बोलत नाही.

साबण किती, ते भरमू चौगुलेला विचारा.
मार्केट यार्डात एकाच अडतीवर आम्ही,
मी वहीवर, तो काट्यावर.
सौदा सुरू व्हायच्या आधी पोत्याला टेकून
तो गाल पुढं करायचा : "वळख."
"खस. वरनं तुरटी फिरवलीस."
"आन् काल?"
"काल चंदन. स्वस्तातलं. दुपारच्या आत मेलं."
भोवती चारशे पोती हळद,
हवा पिवळी, वहीची पानं पिवळी, कानाची पाळी पिवळी,
आणि त्या सगळ्यातून एका गालावरचा खस
बोटानं केस काढावा तसा ओढून काढायचा.
मला नाक होतं, ते असं.

ते गेलं.
तापात गेलं. ताप उतरला, नाक परत आलं नाही.
मिरजेचे डॉक्टर म्हणाले, येईल.
कधी, ते म्हणाले नाहीत.
त्यांची दाढी मी जवळून बघितली. यंत्राची होती.

मग साबण कानानं ऐकायला लागलो.
लिंबाचा फेस वाडग्यात पातळ वाजतो, घाईत असल्यासारखा.
खसाचा जड, परातीत पीठ मळताना हाताखाली होतो तसा.
केवड्याचा वाजतच नाही, नुसता फुगतो,
चार माणसांत मोठेपणा करणाऱ्या पाहुण्यासारखा.
पातं उतारानं गेलं तर सळसळ,
उलट्या अंगानं गेलं तर खरखर,
आणि हनुवटीच्या खळगीत ते थांबतं, विचारतं, मग जातं.
झाल्यावर पाठच्या बोटांनी गाल चाचपायचा.
हळकुंड मोडताना "कट्" असा खणखणीत आवाज आला
की माल वाळलेला, तसंच हेही :
बोट कुठं अडलं नाही, की दाढी झाली.

भरमूला सांगितलं नाही.
तो गाल पुढं करायचा. "वळख."
मी डोळे मिटून हुंगल्यासारखं करायचो.
"चंदन."
"बरुबर."
"खस."
"बरुबर."
एकदा नुसती गंमत म्हणून म्हणालो, "गुलाब."
तो जरा थांबला. "बरुबर," म्हणाला,
आणि काट्यावरचं वजन नीट करायला वळला.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्याच्या घरी गेलो.
सुशीलावहिनी मोरीकडं हात करून म्हणाल्या,
"बघा की, वर्षभर त्यो एकच अंगाचा साबण.
बाकीचे सगळे भाच्याला देऊन टाकले.
म्हणत्यात, आता वळखणारं कोण हाय?"

त्या दिवशी मी चहा घेतला.
साखर जास्त होती, तेवढं कळलं.

आज पहाटे डुकराच्या ब्रशवर पाणी ओतलं,
दोन्ही गाल झाले, गळा झाला,
राहिला वरचा ओठ. तो मी नेहमीच शेवटी करतो,
नाकाच्या अगदी दाराशी.
ब्रश टेकवला, आणि आला.
चंदनाचा नव्हे. खसाचा नव्हे.
ओल्या जनावराचा, खरकट्या पाण्यातून उठलेल्या डुकराचा,
उग्र, घाण, आंबूस वास.
डोळ्यांत पाणी आलं, ते त्याच्यामुळंच असणार.

पातं हातात धरून उभा राहिलो.
फेस ओठावर वाळायला लागला, कातडी ओढायला लागला.
खाली गल्लीत दुधाची किटली आपटली.
पुसून टाकायची हिंमत होईना.

साडेनऊला सौदा आहे.
भरमू गाल पुढं करेल.
आज मी म्हणणार आहे :
"अंगाचा साबण, लेका.
तोही झिजून पातळ झालेला."